पोच घेतली काय? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : नमस्कार ताई. मुलगा नोकरीला अमेरिकेत आयोवात असतोय. रोज सकाळी तिथल्या सिनेटरचे व्हिडिओ पाठवतोय, चक ग्रासली म्हणून नव्वदी ओलांडलेले गृहस्थ आहेत. आज या केंद्रीय खात्याला पत्र, उद्या त्या खात्याला खडसावलं. एवढं बोलून तिथं खरंच काय होतं काय, की आपल्यासारखंच, भाषण झालं की चहा पिऊन सगळे घरी? (निवृत्त शिक्षक, खानापूर)

गुरुजी, आधी हसूच आलं बगा. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आणि खासदाराला मत द्यायचं उत्तर कन्नड मतदारसंघात, कारवार-शिरसीच्या लोकांबरोबर, आणि तुम्ही विचारताय आयोवाचं! असू दे.

सिनेटर, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाचा सदस्य, बोलला म्हणून खात्याला हुकूम झाला असं काही नसतं. तिथं मंत्र्याला संसदेचं सदस्य राहता येत नाही, त्यामुळं आपल्यासारखा प्रश्नोत्तराचा तासच नाही, मंत्र्याला उभं करून विचारायचं तर कमिटीची सुनावणी लावायची, नाहीतर सरळ पत्र लिहायचं. ग्रासली या पत्राच्या कामात मुरलेला माणूस, १९८१ पासून सिनेटवर आहेत. व्हिडिओ सोडा, मुलाला त्यांचं एखादं पत्र पाठवायला सांगा. त्यात नंबर टाकून प्रश्न असतात, कुठले कागद पाहिजेत ते असतं आणि अमुक तारखेच्या आत उत्तर द्या असं असतं.

यात काय मोठं, म्हणाल. तर माझंच सांगते. गेल्या पावसाळ्यात शहापुरात आमच्या बोळातलं गटार तुंबलं, मी तीनदा जाऊन तोंडी सांगून आले, दरवेळी "बघतो की ताई". चौथ्यांदा अर्ज दिला, पंधरा दिवसांनी गेले तर असा अर्जच आला नाही म्हणे. शेजारचे आजोबा कट्ट्यावरून एवढंच म्हणाले, "पोच घेतली काय?" घेतली नव्हती. मग झेरॉक्सवर निळा शिक्का आणि आवक नंबर घेतला, आणि तो नंबर सांगितल्यावरच टेबलामागच्या माणसानं रजिस्टर उघडलं. ग्रासलींच्या पत्रांचं असंच, पत्र जाहीर करून टाकतात, म्हणजे अख्ख्या देशासमोर पोच घेतल्यासारखं.

पण नुसतं पत्र नाही, मागं काहीतरी लागतं. १९८३ ची गोष्ट. संरक्षण खात्याचा खर्च हिशेबाबाहेर चाललाय असं आतल्याच एका विश्लेषकानं, चक स्पिनीनं, मांडलं होतं. ग्रासलींना त्याला भेटायचं होतं, खातं भेटू देईना, तर हा नवखा सिनेटर आपली नारिंगी शेव्हरोले शेव्हेट घेऊन स्वतःच पेंटागॉनला, म्हणजे त्या खात्याच्या मुख्यालयात, गेला. तरी भेटू दिलं नाही. मग सुनावणी लागली, तिथं स्पिनी बोलला आणि टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. ग्रासली आणि खातं दोघं एकाच पक्षाच्या राजवटीतले, रेगन तेव्हा अध्यक्ष, हे विसरू नका.

पुढं १९८६ ला त्यांनी फॉल्स क्लेम्स ॲक्ट दुरुस्त करून घेतला. कायदा जुना, १८६३ चा, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल खपवणाऱ्या कंत्राटदारांसाठी केलेला. सरकारला कुणी फसवत असेल तर माहिती असलेला माणूस सरकारच्या वतीनं खटला भरू शकतो, नुकसानीच्या तिप्पट वसूल होऊ शकतं आणि यश आलं तर त्याला साधारण १५ ते ३० टक्के वाटा. या दुरुस्तीनंतर ७० अब्ज डॉलरच्या वर पैसा परत आला. (आपल्या रस्त्यांच्या कामांना हे लावलं तर निम्मा खडेबाजार कोर्टात दिसेल, बाकी काय.)

दुसरं हत्यार म्हणजे होल्ड. अध्यक्षानं नेमलेल्या माणसाची सिनेटमधली मंजुरी एकटा सिनेटर लांबवू शकतो. २०२० मध्ये ट्रम्पनी इन्स्पेक्टर जनरल, म्हणजे खात्यावर आतून लक्ष ठेवणारे अधिकारी, काढून टाकले, कायद्यानं कारण द्यायला पाहिजे होतं ते नीट दिलं नाही, तर ग्रासलींनी स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाच्या दोन नेमणुका अडवून धरल्या. २०२५ च्या जानेवारीत एकदम डझनाहून जास्त काढले, तेव्हा विरोधी पक्षाच्या डर्बिनना बरोबर घेऊन पत्र लिहिलं. माझं मत विचाराल तर होल्डला जे वजन तेवढं पत्राला नाही, आणि मुलगा व्हिडिओ पाठवेल तेव्हा हेच बघा, मागं होल्ड आहे, सुनावणी आहे, की नुसता माईक.

आणि एक, साध्या सदस्याच्या पत्राला खात्यानं उत्तर द्यायलाच पाहिजे काय? मे २०१७ मध्ये न्याय खात्याच्या कायदा सल्लागार कार्यालयानं मत दिलं की नाही, देखरेखीचा अधिकार सभागृहाचा, कमिट्यांचा आणि त्यांच्या अध्यक्षांचा. ग्रासली तेव्हा स्वतः न्यायविषयक कमिटीचे अध्यक्ष, त्यांना काहीच फरक पडणार नव्हता. तरी थेट ट्रम्पना लांबलचक पत्र लिहून भांडले, विरोधी सदस्यांच्या हक्कासाठीपण. मला हा माणूस तिथं आवडला.

प्रश्न : सिनेटर किंवा आमदार सभागृहात कुणाबद्दल काहीपण बोलला तरी चालतं? (लॉची विद्यार्थिनी, टिळकवाडी)

सभागृहात हो. तिथं घटनेनं संरक्षण दिलंय, इथं खासदारांना कलम १०५ आणि आमदारांना १९४, बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या हिवाळी अधिवेशनातलं भाषणपण त्यातच आलं. बाहेर पडलं की गोष्ट वेगळी. विस्कॉन्सिनचे सिनेटर प्रॉक्समायर १९७५ पासून महिन्याला एक "गोल्डन फ्लीस" पुरस्कार द्यायचे, सरकारी पैशाच्या उधळपट्टीला. एका फेऱ्यात माकडांच्या आक्रमकतेवर काम करणारा हचिन्सन नावाचा संशोधक सापडला, त्यानं बदनामीचा दावा ठोकला. १९७९ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, भाषणाला संरक्षण आहे, पण प्रेसनोट आणि मतदारांना पाठवलेल्या पत्रकाला नाही. शेवटी तडजोड झाली, प्रॉक्समायरनी १० हजार डॉलर दिले. पुरस्कार मात्र १९८८ पर्यंत चालूच. परीक्षेत आलं तर दोन्ही बाजू लिही ग.

प्रश्न : आमचा खासदार दिल्लीत काय विचारतो ते कळतं का? (निपाणी)

कळतं की. तुम्ही चिकोडी मतदारसंघात. लोकसभेच्या वेबसाईटवर सदस्याचं नाव टाका, त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं तारखेसकट मिळतात. दिवसाला २० तारांकित, तोंडी उत्तराचे, आणि २३० पर्यंत अतारांकित. काहीच सापडलं नाही तर त्यांनाच पत्र टाका, आणि झेरॉक्सवर शिक्का घ्यायला विसरू नका. आमचं गटार? निम्मं झालंय. उरलेल्या निम्म्यासाठी सोमवारी परत जाणार आहे, नंबर पाठ आहे.