क्रिप्टिक क्रॉसवर्डचं उत्तर छापून आलं तरी ते ‘कसं’ आलं हेच कळत नाही. हे क्लू सोडवायचे कसे?

तुम्ही विचारलंय की ‘द हिंदू’चं क्रिप्टिक रोज हाती घेता, दुसऱ्या दिवशी उत्तरंही बघता, पण क्लू आणि उत्तराचा संबंध लागत नाही. तो लागत नाही, कारण तुम्ही क्लू वाक्य म्हणून वाचताय. वाक्याचा वरवरचा अर्थ हा निव्वळ देखावा असतो. आत दोन तुकडे असतात: एक सरळ अर्थ (व्याख्या) आणि एक अक्षरांची करामत. दोन्हींतून तोच शब्द निघतो. व्याख्या क्लूच्या अगदी सुरुवातीला नाहीतर अगदी शेवटी असते, मधे जवळजवळ कधीच नसते.

आधी मराठीत बघू, म्हणजे खटका कुठे आहे ते लगेच कळेल. मराठी कोड्यात एका घरात एक जोडाक्षर किंवा काना-मात्रेसकट अक्षर बसतं, इंग्रजीत सुटं लेटर. एवढा फरक लक्षात ठेवा. क्लूनंतर कंसातला आकडा म्हणजे उत्तरातल्या अक्षरांची संख्या.

‘एका शीतपेयात दडलेलं तीर्थक्षेत्र (२)’. व्याख्या शेवटी: तीर्थक्षेत्र. ‘दडलेलं’ हा इशारा. ए-का-शी-त-पे-या-त मध्ये ‘काशी’ सलग बसलीय. शीतपेयाचा अर्थ शोधत बसलात की फसलात.

‘नदी उलटल्यावर गरीब (२)’: न-दी उलट वाचा, दी-न. ‘विस्कटलेल्या कमलातून लेखणी (३)’: क-म-ल हलवले की कलम. आणि ‘माडात कपीचं तोंड! (३)’: कपीचं तोंड म्हणजे पहिलं अक्षर क, ते ‘माड’च्या पोटात घातलं की माकड. इथे अख्खा क्लूच व्याख्याही आहे. असा क्लू क्वचित येतो आणि बऱ्याचदा शेवटी उद्गारचिन्ह असतं.

आता इंग्रजी. ‘ऑब्जेक्ट्स फ्रॉम डिस्टर्ब्ड नाइट्स (६)’. वाचताना कोणीतरी झोपमोडीबद्दल तक्रार करतंय असं वाटतं. ‘डिस्टर्ब्ड’ दिसल्याबरोबर शेजारच्या शब्दाची अक्षरं मोजा. नाइट्स: एन, आय, जी, एच, टी, एस. सहा. कंसातही सहा. म्हणजे हा अक्षरांच्या फेरजुळणीचा क्लू, अ‍ॅनाग्रॅम. उरलेला ‘ऑब्जेक्ट्स’ ही व्याख्या, आणि ते क्रियापद नसून अनेकवचनी नाम आहे. म्हणून शेवटी एस येण्याची शक्यता दाट. उत्तर ‘थिंग्ज’. मधला ‘फ्रॉम’ फक्त सांधा आहे: हे त्यातून निघतं. अक्षरं कागदावर ओळीत न लिहिता गोलात लिहा. ओळीत लिहिली की डोळा मूळ शब्दच परत वाचत राहतो.

दुसरा प्रकार तुकडे जोडण्याचा. ‘फील्डर कॉट सिक्स बॉल्स (५)’. स्कोअरकार्डवर कॉटला काय लिहितात? सी. सहा चेंडू म्हणजे ओव्हर. सी आणि ओव्हर मिळून कव्हर, आणि कव्हरला फील्डर उभा असतोच. क्रिकेट पाहणाऱ्याला हे कोडं अर्धं सोपं जातं: मेडन म्हणजे एम, डक म्हणजे ओ, रन म्हणजे आर, ‘ऑन’ची बाजू म्हणजे लेग. बाकीची छोटी नाणी पाठच करायला हवीत. सेलर म्हणजे ए-बी किंवा टार, वर्कर म्हणजे अँट किंवा बी (मधमाशी), क्वाएट म्हणजे पी, जर्नलिस्ट म्हणजे ई-डी. ‘फ्लॉवर’ मात्र फूलच असेल असं नाही; ‘फ्लो’ करणारी, म्हणजे वाहणारी नदीही असू शकते. हा विनोद जुना झालाय, तरी अजून दर महिन्याला भेटतो.

कुठे चुकतं? स्वल्पविराम आणि मोठी लिपी यांवर विश्वास ठेवल्याने; दोन्ही बहुधा दिशाभुलीसाठी असतात. प्रश्नचिन्ह मात्र बघा: व्याख्या थोडी ताणलेली आहे किंवा तिच्यात उदाहरण दिलंय, असं ते सुचवतं. ‘राइजिंग’, ‘अप’ असे उलटण्याचे इशारे उभ्या शब्दांतच चालतात, आडव्यात ‘बॅक’, ‘रिटर्निंग’. आणि व्याकरण जुळायलाच हवं: व्याख्या भूतकाळी क्रियापद असेल तर उत्तरही तसंच.

सुरुवात पहिल्या क्लूपासून करायची गरज नाही. आधी सगळे क्लू झरझर वाचून लांब अ‍ॅनाग्रॅम शोधा. सहसा १५ बाय १५ च्या चौकटीत साधारण निम्मी अक्षरं आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत येतात, त्यामुळे एक लांब शब्द बसला की बरेच दरवाजे उघडतात. पण छेदणारी अक्षरं जुळली म्हणून शब्द पेनाने ठोकून देऊ नका. पेन्सिलच बरी.

आता तुमचा खरा प्रश्न, उत्तरावरून क्लू उलगडायचा कसा. आधी उत्तराचा अर्थ क्लूच्या कोणत्या टोकाला आहे ते बघून तिथे रेघ मारा. मग राहिलेल्या प्रत्येक शब्दाला काम द्या: हा इशारा, हा कच्चा माल, हा सांधा. एकही शब्द बेकार राहिला तर उलगडा चुकलाय, किंवा क्लूच ढिला आहे. ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्रात १९२६ पासून टॉर्केमाडा या टोपणनावाने क्रिप्टिक कोडी येत; १९३९ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या झिमेनीझ या रचनाकाराने (हेही टोपणनावच) हा हिशेबीपणा काटेकोर नियमांत बसवला. ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाचे काही रचनाकार आजही तो तितका पाळत नाहीत, तेव्हा तिथे अडलात तर स्वतःला दोष देऊ नका. त्यांचंच क्विप्टिक नावाचं सोपं कोडं नवख्यांसाठी असतं. महिनाभर तेच सोडवा आणि ‘हिंदू’कडे मग या.