बियांपासून आलेलं सफरचंद

प्रश्न : वाईला परसात आईनं सफरचंदाची बी लावली होती. यंदा पहिल्यांदाच चार फळं धरली. लिंबाएवढी, एका अंगाला तांबूस, आंबटढाण. जात कोणती?

उत्तर : ताई, याला जातीचं नाव नाही. सफरचंदाला बहुधा दुसऱ्या जातीचे पराग लागतात, म्हणून प्रत्येक बी वेगळी निघते. कोयीतून रायवळ आंबा निघतो तसं. ऑस्ट्रेलियातलं ‘ग्रॅनी स्मिथ’ १८६८ च्या सुमारास असंच बियांपासून आलं. फोटोत कापलेल्या फळातल्या बिया पांढऱ्या दिसतात, म्हणजे फळ कच्चंच तोडलंत. उरलेली तीन झाडावरच राहू द्या, बिया तपकिरी झाल्यावर चाखा. आवडली तर काडी घेऊन कलम बांधा. वाईच्या उन्हाळ्यात फळलेलं झाड आहे, कृपा करून तोडू नका. नाव आईचंच द्या.