जुन्या छोट्या गाडीला कमी खर्चात टर्बो लावता येईल का?

तुमचा प्रश्न असा: वीसेक वर्षं जुनी, १.२ लिटर पेट्रोल इंजिनची छोटी गाडी आहे, पैसे बेताचे आहेत, टर्बो लावावा की सुपरचार्जर, आणि इंजिनाला ते झेपेल का? (दोन्ही इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतात; टर्बो इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरतो, सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर.)

झेपतं. पण पैसे योग्य जागी गेले तरच. बहुतेक जण सगळा खर्च टर्बो, पायपिंग आणि इंटरकूलरवर (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीवर) करून बसतात. पेट्रोल आणि टायमिंगचं (प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते त्याचं) नंतर बघू म्हणतात. अशी इंजिनं मी खोलतो तेव्हा टर्बो शाबूत निघतो आणि पिस्टनवर दोन रिंगांच्या मधली पट्टी तुटलेली असते.

ती का तुटते ते समजलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, बहुधा ९ ते १० च्या घरात असेल. जुन्या काळी टर्बोसाठीच बनवलेल्या इंजिनांत ते मुद्दाम कमी, ८ च्या आसपास ठेवायचे. आता तुमच्या इंजिनात ०.४ बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब; बाहेरच्या हवेचा दाब साधारण १ बार) घातला, तर ३० अंशांची हवा दाबली जाऊन ७५ अंशांच्या आसपास तापते. त्या तापलेल्या, दाबलेल्या मिश्रणाचा कोपऱ्यातला भाग प्लगची ज्योत पोचण्याआधीच स्वतःहून पेटतो. हेच नॉकिंग, आणि त्याचा हादरा ती पट्टी सोसते. ऑल्ड्समोबिलनं १९६२ मध्ये जेटफायर ही टर्बो गाडी काढली, तेव्हा कॉम्प्रेशन १०.२५ ठेवलं होतं. नॉकिंग आवरायला त्यांना पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडावं लागलं. कारखान्याला जे इतकं जड गेलं, ते आपण नुसत्या पाइपांच्या जोरावर करायला जाऊ नये.

म्हणून ०.३ ते ०.४ बारवर थांबा. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: ०.४ बार म्हणजे ४० टक्के जास्त हवा नव्हे. तापलेली हवा विरळ होते, त्यामुळे इंटरकूलर नसेल तर जेमतेम वीस टक्के हाती लागतात. एखाद्या टर्बो गाडीतून काढलेला साधा जुना इंटरकूलरही इथे पैसे वसूल करून देतो.

काहीही विकत घेण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजा. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. एखादा ढिला निघाला तर टर्बोचा विषय तिथेच सोडा आणि त्या पैशांत रिंगा, वॉल्व्ह करून घ्या. गाडी तेवढ्यानंही बरीच मोकळी पळेल.

टर्बो की सुपरचार्जर? इंजिन इंजेक्शनचं असेल तर मी टर्बो सुचवीन. जपानच्या ६६० सीसी गाड्यांचे किंवा छोट्या डिझेल गाड्यांचे टर्बो या मापाला बसतात. डिझेलचा घेतलात तर वेस्टगेटच्या, म्हणजे जास्तीचा धूर टर्बोला टाळून सोडणाऱ्या झडपेच्या, अ‍ॅक्च्युएटरची स्प्रिंग आधी तपासा. डिझेलवर ती पुष्कळदा १ बारच्या आसपास उघडायला बसवलेली असते. बूस्ट कंट्रोलर बूस्ट वाढवू शकतो, स्प्रिंगच्या खाली आणू शकत नाही. नरम स्प्रिंगचा अ‍ॅक्च्युएटर लावल्याशिवाय ०.४ बार मिळणारच नाही, आणि हे अनेकांना इंजिन गेल्यावर कळतं. २००२ ते २००६ च्या मिनी कूपर एसवरचा ईटनचा एम४५ सुपरचार्जरही चांगला आहे, वागायला अगदी सरळ. पण ब्रॅकेट आणि पट्ट्याची रेघ जुळवायला लेथवर नेमकं काम करणारा माणूस लागतो. कार्बोरेटरच्या गाडीला मात्र मी हात लावू नका म्हणेन. दाबाखाली कार्बोरेटर सील करणं आणि जेट जुळवणं हे बेताच्या पैशांत नीट होत नाही.

बॅटरीवर चालणारे स्वस्त 'इलेक्ट्रिक टर्बो' घेऊ नका. तुमच्या इंजिनाला वरच्या आरपीएमला ०.४ बार द्यायचा तर साधारण साडेतीन किलोवॅट लागतात. १२ व्होल्टवर ते जवळपास ३०० अँपिअर झाले. छोट्या गाडीचा अल्टरनेटर त्याच्या पाव भागाच्याही पुढे क्वचित जातो.

आता खरा खर्च. मूळ एमएपी सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) साधारण १ बारपर्यंतच, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतकंच, वाचतो; बूस्ट आला की ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) तो दिसतच नाही. तेव्हा २ किंवा ३ बारचा सेन्सर, मोठे इंजेक्टर, पुरेसा पंप आणि ट्यून करता येईल असा ईसीयू हवा. मेगास्क्वर्ट आणि स्पीडुइनो हे दोन्ही ईसीयू स्वतः जोडणाऱ्यांसाठीच आहेत, आणि वायरिंगची सवय असेल तर सगळ्यात स्वस्त वाट हीच. सोबत वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा) हवाच. मूळ ऑक्सिजन सेन्सर १४.७ च्या (एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) आसपासच खरं बोलतो, तुम्हाला तर बूस्टमध्ये ११.५ ते १२ हवं आहे. वाइडबँडचे पैसे नसतील, तर ते जमेपर्यंत टर्बो फळीवर ठेवा.

दोन छोटी कामं विसरू नका. टर्बोमधून ऑइल परत येणारा पाइप जाड हवा, सतत उताराचा हवा, आणि चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइलच्या पातळीच्या वर सोडलेला हवा. तो दुमडला की टर्बोत ऑइल साचतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि लोक चांगला टर्बो बदलायला निघतात. दुसरं, पीसीव्हीच्या नळीत (इंजिनाच्या खालच्या पोटातली, म्हणजे क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारी नळी) एकेरी वॉल्व्ह घाला, नाहीतर बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये शिरतो आणि डिपस्टिक वर उचलून ऑइल बाहेर फेकतो.

क्लच घसरायला लागेल, तो खर्च धरून ठेवा. ब्रेक आधी नवे करा. नोंदणी आणि विम्याचे तुमच्याकडचे नियमही काम सुरू करण्याआधी विचारून घ्या. अपघातानंतर विचारून उपयोग नाही.

ट्यूनिंग सुरू करताना एक पायरी थंड प्लग (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) लावा आणि टायमिंग गरजेपेक्षा थोडं मागेच, म्हणजे ठिणगी जरा उशिरा, ठेवा. मोकळ्या, सुरक्षित जागी तिसऱ्या गिअरमध्ये थोडा वेळ पूर्ण रेस द्या, क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी थांबवा आणि प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले, तर नॉकिंग होतंय; चकचकीत ठिपका म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. असं दिसलं तर बूस्ट कमी करा, टायमिंग आणखी दोन अंश मागे घ्या, आणि ठिपके येणं थांबेपर्यंत या छोट्या तपासणीखेरीज पूर्ण रेस देऊ नका.