स्वीडनमध्ये क्रेफिश पार्टीचं आमंत्रण आहे. हातानं खाल्लं, रस चोखला तर असभ्य दिसेल का?

अजिबात नाही, तिथं हातानंच खातात आणि आवाज करत रस चोखणं हीच रीत आहे. कारण क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोट्या शेवंडासारखे कवचाचे प्राणी, मीठ आणि फुलोऱ्यासकट शेपू घातलेल्या पाण्यात उकडतात, त्याच पाण्यात मुरवत ठेवतात आणि गारच वाढतात. सगळी चव कवचाखालच्या त्या खारट पाण्यात उतरलेली असते. आधी क्रेफिश तोंडाला लावून रस ओढून घ्या, मग शेपूट पिळवटून वेगळी करा, कवच सोला. नांग्या फोडायला आपल्या खेकड्याचा सराव पुरेसा आहे. सोबत पाव, वेस्टरबॉटन चीज, डोक्यावर कागदी टोप्या, वर चंद्राच्या चेहऱ्याचे कागदी कंदील. हे सगळं ऑगस्टमध्ये, कारण पूर्वी त्याआधी क्रेफिश पकडायला कायद्यानं बंदी होती. ती 1994 मध्ये उठली, पण ऑगस्टचा मान टिकलाय, आणि उन्हाळा सरताना अंगणात सगळ्यांनी एकत्र बसण्यातच खरी मजा आहे. मात्र श्नॅप्स जपून घ्या: दर गाण्यानंतर पेला उचलतात, ती दारू कडक असते. पीत नसाल तर तसं सांगा आणि गाण्यात मनापासून सामील व्हा. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर क्रेफिशला हात लावू नका.