नवीन बेअरिंग टाकूनही मागच्या चाकातून घूं घूं येत असेल तर

पहिलं म्हणजे बेअरिंग विकणाऱ्या दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय, मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग घरी बदललं, हजार किलोमीटरही झाले नाहीत आणि पुन्हा तीच घूं घूं, वेगाबरोबर चढणारी, डावीकडे वळताना वाढणारी. याच दुखण्याने मलाही पुरेसं छळलंय, त्यामुळे तुमची पोस्ट अर्धी वाचतानाच पुढे काय लिहिलं असेल ते कळलं. माल खराब निघतो कधीकधी, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा बेअरिंग बसवतानाच मेलेलं असतं, आवाज तेवढा उशिरा येतो.

जॅक कुठे लावायचा, ब्रेकचा ड्रम कसा काढायचा हे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

तुमच्या गाडीत ड्रममध्ये अख्खं सील्ड (दोन्ही बाजूंनी झाकलेलं) बेअरिंग दाबून बसतं आणि पुढून सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची क्लिप) लागते. बेअरिंगला आतली आणि बाहेरची अशा दोन रिंगा, मध्ये पोलादी गोळ्या. तुम्ही ते ‘सॉकेट ठेवून हातोड्याने’ बसवलंय. ते सॉकेट (पान्याची वाटी) कोणत्या रिंगवर टेकलं होतं? सगळी गोम तिथे आहे. ड्रममध्ये घट्ट बसते ती बाहेरची रिंग. सॉकेट आतल्या रिंगवर टेकलं असेल तर हातोड्याचा प्रत्येक घाव आतल्या रिंगमधून गोळ्यांवर आणि गोळ्यांतून बाहेरच्या रिंगवर गेला. गोळी रिंगला जेमतेम ठिपक्याएवढ्या जागेत टेकते, त्यामुळे तिथे खड्डा पडतोच. तो हाताला जाणवत नाही, चाक फिरवून पाहिलं तर लोण्यासारखं फिरतं. पुढे प्रत्येक फेरीत गोळ्या त्या खड्ड्यांवरून जातात, कडा झिजतात, पोपडे सुटतात आणि घूं घूं सुरू होते.

नियम एकच: जी रिंग घट्ट बसते तिच्यावरच जोर. ड्रममध्ये घालताना बाहेरची, ॲक्सलवर चढवताना आतली. याचीच उलटी बाजू लोक हमखास विसरतात. बेअरिंग ड्रममध्ये नीट बसवतात, मग ड्रम स्टब ॲक्सलवर (ज्या आखूड दांड्यावर चाक फिरतं) चढेना म्हणून ड्रमवरच हातोडा घालतात. जोर पुन्हा गोळ्यांतूनच गेला! ॲक्सल बारीक एमरीने साफ करा, तेलाचं बोट फिरवा, तरी अडलं तर फक्त आतल्या रिंगवर टेकेल असा पाइपचा तुकडा वापरा.

खात्री करायची असेल तर काढलेलं बेअरिंग फेकू नका. सील उचकटा, केरोसीनने धुवा, सुटं करा आणि रिंगच्या खोबणीत उजेड तिरका पाडून नख फिरवा. गोळ्यांमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर खड्डे दिसले, तर ते ठोकून मेलंय. तांबूस भुकटी आणि गंज असेल तर सीलमधून पाणी गेलंय. रिंगवर पिवळट-निळी झाक असेल तर ते तापून गेलंय, ग्रीस संपलं किंवा ताण जास्त होता.

बेअरिंग दुसरीकडून प्रेसने (दाबयंत्राने) बसवून घ्यायचा विचार असेल तर समोर उभे राहा. प्रेस आहे म्हणजे काम बरोबर होईल असं नाही. एका वर्कशॉपने (नाव घेत नाही) हाताला लागेल तो ठोकळा आतल्या रिंगवर ठेवून दाबलं, आणि आवाज आल्यावर ‘पार्ट तुम्ही आणला होता’ म्हणून हात वर केले. दहा टनांच्या प्रेसने केलेली चूक हातोड्यापेक्षा सफाईदार असते, एवढाच फरक.

घरी करायचं तर गरम-थंड पद्धत सगळ्यात बरी. बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. ड्रम ८० ते १०० अंशांपर्यंत तापवा, ओव्हनमध्ये किंवा उकळत्या पाण्यात. गॅसची ज्योत एकाच जागी धरू नका. ड्रम पाण्यात तापवला असेल तर आधी चटकन कोरडा पुसा. भोक स्वच्छ, बेअरिंग सरळ, आणि घाई करा, मिनिटभरात तापमान सारखं व्हायला लागतं. अर्धं अंतर ते जवळजवळ आपोआप जातं. उरलेलं ढकलायला जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंगच वापरा. तिला ग्राइंडरने एक चीर पाडून घ्या, म्हणजे नंतर ती आत अडकून बसत नाही. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली पाहिजे. बसत नसेल तर बेअरिंग तळाला टेकलेलं नाही. क्लिप ठोकून बसवू नका.

आता ॲक्सलच्या टोकाचा नट. या प्रकारात तो भरपूर घट्ट असतो, बऱ्याच गाड्यांत १५० ते २५० न्यूटन-मीटर. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. नट नवीन हवा. इम्पॅक्ट गन सोडवायला चालेल, कसायला नाही. आणि कसण्याआधी गाडीचं वजन चाकावर अजिबात टाकू नका. ‘गाडी खाली उतरवून मग कसा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण दोन भागांची आतली रिंग नटाने आवळलेली नसताना वजन पडलं की बेअरिंगची कड चेपते. गाडी स्टँडवरच ठेवा, हँडब्रेक ओढा, आत कोणालातरी ब्रेक दाबून बसवा आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराने कसणारा पाना) सावकाश ओढा, स्टँडवरच्या गाडीला हिसका नको.

ज्यांच्या गाडीत दोन टेपर रोलर बेअरिंग (गोळ्यांऐवजी निमुळते रोलर), कॅसल नट (खाचांचा नट) आणि तो अडवणारी कॉटर पिन आहे त्यांनी वरचा आकडा चुकूनही वापरू नये. तिथे चाक फिरवत नट २५-३० न्यूटन-मीटरपर्यंत कसायचा, सैल करायचा, मग फक्त बोटांनी टेकवायचा. मागचं वॉशर स्क्रूड्रायव्हरने ढकललं तर सरकलं पाहिजे. पिनचं भोक जुळत नसेल तर नट सोडून जुळवा, कसून नाही. कप (बाहेरची रिंग) आणि कोन (रोलरसकट आतली रिंग) जोडीनेच बदला, आणि जुनं ग्रीस पूर्ण धुवून काढा. वेगळ्या जातीची ग्रीसं एकत्र झाली की पातळ होऊन वाहू शकतात.

एबीएस असेल तर बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय रिंग असते, ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच आली पाहिजे. उलट बसवलं तर दिवा पेटतो आणि सगळं पुन्हा काढावं लागतं. त्या बाजूला चुंबकी ट्रे लावू नका.

दोन्ही बाजूंची बेअरिंग जोडीने बदलायची गरज नाही असं माझं मत आहे. जोडीचा नियम ब्रेक शूंचा. कोणाला पटणार नाही, चालेल. आणि आवाज बेअरिंगचाच आहे ना, हे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून आधी बघा. खडबडीत झिजलेला टायर हुबेहूब असाच गातो.

मी मेकॅनिक नाही, तुमची गाडी पाहिलेली नाही, ब्रेकशी संबंधित काम आहे, त्यामुळे जबाबदारी तुमची. जुन्या शूंची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

झाल्यावर पंधरा-वीस किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालवा आणि दोन्ही मागच्या चाकांचे हब (मधला भाग) सांभाळून हाताने तपासा. एक स्पष्ट जास्त तापला असेल तर बेअरिंगला दोष देण्याआधी हँडब्रेकची केबल आणि शू घासतोय का ते बघा.