कळसूबाई चढण्याआधी पैशांचं ठरव

कॅन्सरच्या पेशंटसाठी निधी जमवायला ट्रेक करतोयस, खूप बरं वाटलं. कळसूबाई चांगली निवडलीस. उंची १६४६ मीटर, बारी गावातून मळलेली वाट, कड्यांवर लोखंडी शिड्या. शनिवार-रविवारी शिड्यांवर रांग लागते. नवखे सोबत असतील तर मधल्या वारी जा, पावसाळा टाळून.

खरं काम मात्र चढण्याआधीचं आहे. पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नकोस, अगदी ओळखीतल्यांचेही नाही. देणगीदाराला, ज्या संस्थेसाठी निधी जमवतोयस, थेट तिच्या खात्यात भरायला सांग, म्हणजे पावती त्याच्याच नावाने निघते. देणगीवर आयकरात मिळणारी सवलत (८०जी) हवी असेल त्याला आधीच सांग, २००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. प्रवास-जेवणाचा खर्च आपापला.

आवाहन मोघम नको. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये लांबून आलेल्या कुटुंबांना उपचारांसाठी कित्येकदा महिनोन् महिने मुंबईत राहावं लागतं. औषधाइतकीच चिंता डोक्यावरच्या छपराची असते. अशी कुटुंबं जिथे उतरतात ती दादरची गाडगे महाराज धर्मशाळा एकदा बघून ये, काय लिहायचं ते आपोआप सुचेल. पेशंटचा फोटो परवानगीशिवाय कधीच टाकू नकोस. उपचार संपलेलं कुणी सोबत येणार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारू दे आणि गरज पडली तर त्या पेशंटबरोबर अर्ध्यातून परतायला एक जाणता माणूस नेमून ठेव.