टाळी जुळली, तरी शेवटी ओठ आणि आवाज वेगळे का पडतात?

दोन फोन आणि एक हँडीकॅम, ४० मिनिटांचा घरगुती कार्यक्रम. जुळवणीसाठी सुरुवातीला वाजवलेली टाळी तिन्ही क्लिपमध्ये तंतोतंत जुळवलीत, तरी शेवटाकडे एका फोनमधले ओठ आवाजाला सोडून चालतात, असं तुम्ही म्हणता. तुमच्या जुळवणीत खोट नाही. टाळी एकच क्षण जुळवते, पुढच्या वेगाची हमी देत नाही. म्हणून जुळवून झालं की लगेच क्लिपच्या शेवटी जाऊन तपासायचं.

पहिला संशय फोनवर. फोन दर सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम, म्हणजे एकेक चित्रं, घेत नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की फ्रेम कमी पडतात, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र वेग ठरावीक आहे असं धरून चालतं. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडा. ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसलं, तर ती हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून नव्याने काढून घ्या: व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट ३०, त्याखाली ‘कॉन्स्टंट’, क्वालिटीचा आकडा (आरएफ) १८ च्या आसपास. फाइल फुगेल, फुगू द्या. हे टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, क्लिप टाकण्याच्या आधी करायचं, नाहीतर केलेले कट पुन्हा करावे लागतात.

आता जुळवणी. ज्या कॅमेऱ्याचा आवाज सर्वांत स्वच्छ, तो मुख्य. केडेनलाइव्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवरच्या मुख्य क्लिपवर राइट क्लिक करून ‘सेट ऑडिओ रेफरन्स’, मग बाकीच्या क्लिपवर ‘अलाइन ऑडिओ टू रेफरन्स’. दा विंची रिझॉल्व्ह वापरत असाल तर मीडिया पूलमधल्या (आत घेतलेल्या फाइलींच्या यादीतल्या) क्लिप निवडून मल्टिकॅम क्लिप, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांची एकत्र क्लिप, बनवताना ‘अँगल सिंक’ला ‘साउंड’ द्या. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बरोबर असतं, पण एकाच ठेक्याचं संगीत वाजत असेल तर ते एखादा ठेका पुढेमागे बसवून मोकळं होतं. तेव्हा कानांनी तपासा. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवा: शब्द दोनदा ऐकू आला तर फरक काही फ्रेमचा आहे, आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ वाटला तर फक्त काही मिलिसेकंदांचा. तो सोडून द्या. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेमच ४० मिलिसेकंदांची असते, आणि बाकीचे ट्रॅक शेवटी म्यूटच करायचे आहेत.

फोन सुधारूनही शेवटी एक-दोन फ्रेम सरकत असतील, तर ते प्रत्येक उपकरणाच्या घड्याळाच्या किंचित वेगळ्या चालीमुळे. दर दहा लाखांत २० चा फरक तासाभरात ७२ मिलिसेकंद होतो. अशा वेळी क्लिपचा वेग ताणत बसू नका. जिथे दुसऱ्या कॅमेऱ्यावर कट जातो तिथे क्लिप चिरा आणि पुढचा तुकडा एक फ्रेम सरकवा, कुणाच्या लक्षातही येत नाही. फरक तासाला ३.६ सेकंदांच्या हिशेबाने वाढत असेल, तर मात्र कुठेतरी २९.९७ ची क्लिप ३० म्हणून वाचली जातेय. क्लिपच्या गुणधर्मांत तो आकडा दुरुस्त करा.

फरक हळूहळू न वाढता एका जागी एकदम उडी मारत असेल, तर हँडीकॅमची फाइल तिथे तुटली असणार. काही कॅमेरे ४ जीबीला नवी फाइल सुरू करतात, आणि त्या सांध्यात थोड्या फ्रेम गळू शकतात. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जुळवा.

लांबच्या कॅमेऱ्याचा एक घोळ सहसा कुणी सांगत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २८ मीटरवरच्या कॅमेऱ्यात तो सुमारे ८० मिलिसेकंद उशिरा नोंदतो. आवाजावरून जुळवलंत की त्या कॅमेऱ्याचं चित्र दोन फ्रेम लवकर धावतं. ती क्लिप हाताने दोन फ्रेम उजवीकडे घ्या.

आणि एखाद्या क्लिपमध्ये टाळीच सापडली नाही, तर कुणीतरी फोटो काढताना उडालेला फ्लॅश शोधा. तो सगळ्या कॅमेऱ्यांत एकाच क्षणी येतो, आवाजासारखा उशीर नाही. काही फ्रेममध्ये फक्त अर्धा भाग पांढरा दिसेल आणि वर किंवा खाली काळोखच राहील. कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) ओळीओळीने वाचला जातो म्हणून तसं होतं, त्यात बिघाड नाही. तीच फ्रेम पकडा.